उजव्या कुशीचा शेक

डुब्बुक!

दुपारच्या सुन्न घरात एवढाच आवाज झाला आणि नळापाशी स्टुलावर उभी असलेली घरातली छोकरी, मुंगी, फिस्सकन हसली.

मित्रांनो, तो ढेकर माझा होता. मी एक जुनी, शेकायची रबरी पिशवी आहे. माझ्या पोटात पाणी ओतले की आतली हवा अशी ढेकर देत बाहेर येते. त्यात लाजायचे काय? ज्याच्या पोटात काही पडते, तो ढेकर देतोच.

मुंगीने मात्र लगेच तोंडावर हात दाबला आणि आतल्या खोलीकडे पाहिले. आमच्या घरात हसण्यावर बंदी आहे. तशी पाटी कोणी लावलेली नाही. पण मुंगीच्या आईला हसू आले की तिच्या उजव्या कुशीतून कळ जाते, ती कूस धरून वाकते आणि हसवणाऱ्यालाच रडू येते. म्हणून मुंगीचे बाबा, जे बस चालवतात, आता प्रवाशांच्या गमती घरी आणत नाहीत. आजीची जीभ मोठी तिखट, पण तीही ती दातांमागे ठेवते.

खूप दिवसांनी माझ्या पोटात पाणी पडत होते, आणि तेही थंडगार. मुंगीने असे का केले ते सांगते. त्यासाठी आधी माझी सगळी हकिगत ऐकावी लागेल.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. दोन तापलेल्या लोखंडी साच्यांत दाबून मला भाजले. जन्मतःच चटके खाल्ले, म्हणून पुढे गरम पाण्याचे भय कधी वाटले नाही. कारखान्यातल्या एका बाईने मला फुगवून पाण्यात बुडवले, कानेकोपरे दाबून कुठे बुडबुडा येतो का ते पाहिले, आणि आला नाही तेव्हा पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा, कुणाचं तरी दुखणं घालव." ती सगळ्याच पिशव्यांना तसे म्हणत असेल. पण मी नवी होते. मला ते अगदी खरे वाटले.

औषधाच्या दुकानातून आजीने मला घरी आणले तेव्हा ती आजी नव्हती. कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात ती दिवसभर उभी राहून इस्त्री करायची. संध्याकाळी तिची कंबर म्हणजे नुसता ओंडका. मला पाठीखाली घेऊन ती आडवी व्हायची आणि थोड्या वेळाने "हुश्श" म्हणायची. तो हुश्श म्हणजे माझा पगार. मुंगीचे बाबा तेव्हा रांगत होते. त्यांच्या पोटात कळ आली की फडक्यात गुंडाळलेली मी त्यांच्या पोटावर जाऊन बसायची. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची मान आखडली, की शेजारी मला मागायला येत. परत देताना म्हणत, "पिशवी कसली, हिच्यात वैद्य बसलाय." स्तुती कोणाला नको असते? मी दाराच्या खिळ्यावर जरा ताठच लटकायची.

मला भरायची रीत आजीने घालून दिली होती. पाण्याची उकळी बसू द्यायची. पोट गळ्यापर्यंत भरायचे नाही. मला आडवे करून हवा दाबून काढायची आणि गळ्याशी पाणी दिसले की बूच घट्ट पिळायचे. पण तिचा खरा नियम शेवटचा होता. शेक किती हवा, ते ज्याचे दुखते त्यालाच विचारायचे. "भरणाऱ्याच्या हाताला काय कळतंय? ज्याचं दुखतं त्याला सोसवेल तेवढं गरम," असे ती म्हणायची. इतक्या वर्षांत हा नियम कधी चुकला नव्हता.

मग घरात सून आली. ती पडदे शिवायची. आल्या आल्या तिने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाली की एवढी वर्षे राबते आणि हिच्या अंगावर एक धड कपडा नाही? उरलेल्या पडद्याच्या कापडातून तिने माझ्यासाठी अभ्रा शिवला, जाडसर, पिवळ्या पट्ट्यांचा. त्या दिवसापासून मी तिची झाले.

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचे मशीन होते. लोकांच्या घरी जाऊन ती शिडीवर चढायची, तोंडात टाचण्या धरून दोन्ही हात वर करायची आणि भलेमोठे पडदे दांड्यावर असे चढवायची की खाली चुण्या एकसारख्या पडत. हसायची तर रस्त्यापलीकडे ऐकू जायचे. आजी म्हणायची, "हिला पडद्याआड ठेवावं म्हटलं, तर पडदेही हीच शिवते." आणि मग सासू-सुना दोघी हसायच्या. मुंगी झाली तेव्हा ती आईच्या उजव्या कुशीतच झोपायची. डाव्या बाजूला घेतले की किंचाळायची.

खोकला सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले की कापडाची धूळ जात असेल. धूळ नव्हती. उजव्या फुप्फुसात गाठ होती आणि ती कर्करोगाची निघाली. लोक हळूच विचारायचे, सिगारेट ओढायची का हो? मित्रांनो, तिच्या तोंडात टाचण्यांखेरीज कधी काही दिसले नाही.

इस्पितळात तिची कूस उघडून, बरगड्या फाकवून, फुप्फुसाचा खालचा भाग काढला. गाठ पुरती निघाली. पुढच्या तपासण्या स्वच्छ आल्या. घराने सुटकेचा श्वास सोडला, आणि बाबांनी तर त्या दिवशी अख्ख्या बसला चॉकलेटे वाटली.

जखम भरली. दुखणे मात्र गेले नाही.

कुशीपासून छातीखालपर्यंत आत सतत जळायचे. मधूनच विजेचा झटका बसावा तशी कळ जायची. अंगातला कपडा घासला तरी तिला सोसवेना, म्हणून ती बाबांचे जुने सैल शर्ट घालू लागली. शिंक आली की डोळ्यांत पाणी. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मुंगीला डाव्या कुशीत झोपायची सवय लावावी लागली. या खेपेला ती किंचाळली नाही. गुपचूप बाजू बदलून झोपली.

भेटायला येणारे म्हणत, "जीव वाचला ना, मग थोडं दुखणारच." तिने त्यावर काय म्हणायचे? दुखते म्हटले तर कृतघ्नपणा, नाही म्हटले तर खोटे. बाबा फोनवर सगळ्यांना ती ठणठणीत असल्याचे सांगायचे, आणि ती आतल्या खोलीतून ऐकायची. आजी धीर द्यायची की आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो. हे आमच्या मुंगीने ऐकले. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना ती एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावत, हळूहळू चालत दारापर्यंत गेली आणि तिने मागे वळून विचारले, "गेलं का गं थोडं माझ्याबरोबर?"

आई म्हणाली, "गेलं हं, थोडं गेलं."

पुढे कितीतरी दिवस हे चालले. मग आईने "गेलं" म्हणायचे सोडले आणि नुसती मान हलवू लागली.

एक काम मात्र तिने सोडले नव्हते. मुंगीच्या शाळेच्या सभागृहाचा मोठा पडदा. आजारपणाआधी तिने कापड बेतून ठेवले होते, गडद निळे, मखमली. शाळा थांबायला तयार होती. पडदा आपण शिवायचा, आपण शिडीवर चढून लावायचा आणि मुंगीने पहिल्यांदा दोरी ओढायची, असे मायलेकींचे ठरले होते. तो हात एकदा वर गेला की सगळे पहिल्यासारखे होईल, असे तिने मनाशी धरले होते. मीही धरले होते. कारखान्यातल्या बाईचे शब्द मी विसरले नव्हते.

म्हणून आजी मला रोज भरून तिच्या कुशीला द्यायची आणि विचारायची, "सोसतंय का गं?"

"काही लागतच नाही. अजून गरम चालेल."

आजीने पाणी वाढवत नेले, ऊन, कढत, आणखी कढत. ती रोज तेच म्हणायची. मला वाटले, काय ही बाई सोशीक. अभिमानच वाटला मला तिचा. आणि थोडा स्वतःचाही.

एका दुपारी आजी बाहेर गेली होती. आईने स्वतःच किटली उतरवून मला भरले आणि कोपराखाली दाबून ती मशीनवर बसली. निळी मखमल सरकत होती. मी तिच्या कुशीला धगधगत होते. तिला काही कळत नव्हते. मुंगी शाळेतून आली, शर्ट वर झालेला पाहिला आणि म्हणाली, "आई, तुला इथं फुगा आलाय."

तो फोड होता. टपोरा, ताणलेला, पाण्याने भरलेला. थेट माझे पिल्लूच जणू.

डॉक्टरांनी पाहिले आणि समजावले. बरगड्यांमधून जाणारी नस शस्त्रक्रियेत दुखावली आहे. त्यामुळे वरची कातडी बधिर आहे, चटका कळतच नाही, तिच्या कडांना मात्र नुसता कपडाही झोंबतो, आणि आतले जळणे चालू राहते. शेक आता अजिबात नको. गोळ्या दिल्या, मलम दिले. घरी येऊन बाबांनी हे सगळे आजीला सांगितले. पुढचे आईने स्वतः सांगितले, सपाट आवाजात. तिने विचारले होते की हे कधी जाईल. डॉक्टर म्हणाले होते की काहींचे जाते, काहींचे राहते. तिने विचारले, माझे? त्यावर ते टेबलावरचा कागद सरळ करत बसले.

आजीने मला रिकामे केले आणि खिळ्यावर अडकवले. पाठमोरी उभी राहून ती कितीतरी वेळ पुटपुटत होती, "सोसवेल तेवढं म्हटलं मी. सोसवेल तेवढं म्हटलं." अगं आजी, नियम खोटा नव्हता. त्या कातडीला सोसणेच उरले नव्हते, हे कुणाला माहीत होते?

गोळ्यांनी झोप आली, दुखणे हलले नाही. गोळ्या बदलल्या, तिची जीभ जड झाली, दुखणे तिथेच. एके दिवशी शाळेचा माणूस कापड न्यायला आला. आईने निळ्या मखमलीची घडी स्वतः घातली, डाव्या हाताने आणि हनुवटीने, आणि ती दारातून जाताना पाहिली. पडदा दुसऱ्या कुणी शिवला. सभागृहात लागलाही. मुंगीने दोरी ओढली नाही, तिला हाकही मारली होती तरी.

मित्रांनो, न वापरलेले रबर वाळते. माझ्या कडांना बारीक चिरा पडल्या आहेत, अभ्र्याचे पट्टे विटले आहेत. माझ्यासारखी पिशवी तुमच्या घरी असेल तर तिला पुरते निथळू द्या, उन्हापासून दूर ठेवा. जिथे चटका कळत नाही अशा कातडीवर तिला ठेवू नका. आणि बऱ्या झालेल्या माणसाला "आता ठीक ना?" असे विचारायला जाल, तेव्हा उत्तर घरूनच ठरवून जाऊ नका. थोडे थांबा. तो "नाही" म्हणाला तर तेही ऐकून घ्या. याने दुखणे जात नाही. मीही आता कुणाचे दुखणे घालवीन असे म्हणत नाही. पण तुम्ही ऐकून घेतलेत, तर त्याला ते लपवावे तरी लागणार नाही.

तर आज दुपारी मुंगीने स्टुलावर चढून मला खिळ्यावरून काढले. नळाचे थंड पाणी भरले, हवा दाबून काढली, बूच पिळले. सगळी रीत बरोबर. मग तिने मला आधी स्वतःच्या गालाला लावले, मग स्वतःच्या कुशीला, आणि शहारली. मला छातीशी धरून ती आईकडे गेली.

आई रिकाम्या मशीनपाशी बसली होती.

"गार आहे," मुंगी म्हणाली. "आधी माझ्यावर बघितलं. भाजत नाही."

आईने शर्टाचा कोपरा उचलला. मुंगीने मला हलकेच टेकवले. फोडाची जागा आता काळपट झाली होती.

"कळतंय?"

"नाही गं राणी."

मुंगीने मला आईच्या मांडीवर ठेवले आणि मशीनच्या खणातून कापडावर रेघा मारायचा पिवळा खडू काढला. आईच्या पाठीकडून तिने एक बोट टेकवत टेकवत पुढे आणले. इथं कळतंय का? इथं? जिथे आई "आता नाही" म्हणाली तिथे खडूची खूण केली. पुढे जिथे "आता कळलं" म्हणाली तिथे दुसरी. अशी ती वरून, खालून, छातीखालून फिरली आणि सगळ्या खुणा जोडून टाकल्या. खडू टेकत होता तेवढ्यानेही आईने दोनदा ओठ आवळले, पण ती हलली नाही. आजवर इतक्या लोकांनी तिची कूस पाहिली, कातडीची हद्द अशी कुणी काढली नव्हती. कुशीवर एक वेडेवाकडे, बंद कुंपण तयार झाले.

मुंगीने मागे सरून आपले काम पाहिले. मग पुढे येऊन कुंपणाच्या मधोमध बोट ठेवले आणि आईच्या तोंडाकडे पाहिले. माझ्या बुचातून एक थेंब सुटून आईच्या मांडीवर पडला.

"आई, इथून माझं बोट आत जात नाही, गरम जात नाही, गार पण जात नाही," मुंगी म्हणाली. "मग दुखणं बाहेर कुठून येणार?"