चौथ्या मजल्यावरची टोपली

मी टोपली. नेपल्सच्या एका अरुंद गल्लीत चौथ्या मजल्याच्या सज्जातून दोरीने खाली सोडतात, ती. मला विणलं तेव्हा वाटलं होतं, लग्नात मिठाई वाहीन. नशिबी आले कांदे.

माझी मालकीण दोन्ना तितीना. वय ऐंशीच्या पुढे. गुडघे गेले तेव्हापासून ती जिना उतरलीच नव्हती. तिची मैत्रीण नुन्त्सियाता खाली दारात खुर्ची टाकून बसते. सहा वर्षं दोघींच्या गप्पा ओरडूनच चालल्या. त्यामुळे गल्लीत कुणाचं गुपित उरलं नाही.

"ये ना गं खाली! तुझी खुर्ची अजून ठेवलीय."

"येते, पंख फुटले की!"

मग मिलानहून सिन्योर फुल्वियो आला. घरं घेऊन ठेवणं हा त्याचा धंदा. आमच्याकडे एक रीत आहे. म्हातारं माणूस घर आजच विकतं, पण मरेपर्यंत त्यातच राहतं. घेणाऱ्याला ताबा मागाहून. म्हणून घेणारा भिंतींची ओल कमी आणि म्हातारीची नाडी जास्त तपासतो.

फुल्वियोचा अभ्यास दांडगा. मी वर जायला निघाले की तो मला धरून आत डोकावायचा. गोळ्या दिसल्या की चेहरा उजळायचा, वांगी दिसली की पडायचा. एकदा माझ्यात तळलेले मासे होते. त्या दिवशी त्यालाच जेवण गेलं नाही.

त्याने औषधवाल्या चिरोला विचारलं, "बाईंचा खोकला कोरडा की ओला?"

"साहेब, बाई आहे ती, कलिंगड नाही. टिचक्या कसल्या मारताय?"

तितीना वरून सगळं बघत होती. एके दिवशी तिने त्याला वर बोलावलं.

"झाला का रे बाळा अभ्यास? सही करते. पण आधी इमारतीला लिफ्ट बसव. मला माझ्या खुर्चीत जाऊन बसायचंय."

फुल्वियो सज्जात येऊन फोनवर कुणाला तरी हळूच म्हणाला, "लिफ्टने भाव चढेल. आणि वापरून वापरून म्हातारी किती वापरणार?"

मी कठड्यावरच होते. टोपलीला कान असतात, हे त्याच्या अभ्यासात नव्हतं.

लिफ्ट आली, सही झाली. खर्च निघावा म्हणून त्यानेच आत नाण्यांची पेटी बसवून घेतली. नाणं टाकलं तरच लिफ्ट हलते.

तितीना खाली उतरली त्या दिवशी नुन्त्सियाताने खुर्ची पुन्हा पुन्हा पुसली.

"किती उशीर केलास, मेले!"

आणि रडायचं सोडून दोघी भांडायलाच लागल्या.

तेव्हापासून तितीना घरात सापडेना. आज बाजार, उद्या समुद्रकाठ. खोकला पळाला, भूक परतली. भाचीच्या लग्नात तर ती नाचली. मी मात्र खिळ्याला लटकले. माझ्यात एका कोळ्याने घर केलं. त्याने ना भाव विचारला ना कुणाची तब्येत.

फुल्वियो दर महिन्याला 'सहज' चौकशीला येतो. त्याच्याकडे कार्डं भरपूर, सुटं नाणं कधीच नाही. त्यामुळे जिना. परवा तो चौथ्या मजल्यावर पोचला आणि छाती धरून दारातच बसला. तितीनाने त्याला पाणी दिलं, डॉक्टरांना फोन लावला, कोळ्याला झटकलं आणि मला खाली सोडलं.

चिरोने माझ्यात गोळ्या ठेवल्या. नुन्त्सियाता खुर्चीतून ओरडली, "औषध कुणाला गं? तुला?"

"मला कशाला? घरमालकाला!"

गल्ली हसली आणि सगळ्यांनी एकदम माझ्यात डोकावलं. चौकशीची सवय लागायला मिलानचंच असावं लागतं असं नाही.

बाबांनो, घर घेताना खुशाल चौकशी करा. भिंती ठोका, नळ उघडून बघा. फक्त माणसाच्या मरणाचा अंदाज बांधत बसू नका. आणि खिशात एक नाणं असू द्या.

चला, दोरी ओढली जातेय. वर एक माणूस वाट बघतोय. आज तो माझ्यात काय आहे ते तपासणार नाही. देईन ते मुकाट्याने गिळणार आहे.