उजवीकडे कललेलं इंजिन

यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला, वाचा गेली. मागे राहिले तीन शब्द: हो, नको आणि बरं. ज्या माणसाने सगळ्या संसारभर माझ्याशी शब्दाला शब्द वाढवला, त्याच्याजवळ भांडायला आता तीनच शब्द. पण डॉक्टर म्हणाले होते, "बोलणं गेलंय, समज शाबूत दिसतेय." ते वाक्य मी गाठीशी बांधून ठेवलं. त्याच्यावरच माझं सगळं चाललं होतं म्हणा ना.

माझं खाली, गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान आहे. सकाळी यांचं सगळं आवरायचं, खिडकीपाशी खुर्चीत बसवायचं, गॅसचा नॉब बंद केलाय ना ते दोनदा बघायचं आणि खाली जायचं. मधून मधून वर चक्कर. दुसऱ्या शहरात राहणारी लेक रोज संध्याकाळी फोन करायची आणि रोज तेच.

"आई, त्यांना एकटं ठेवू नकोस. मी आले होते तेव्हा बघितलंय, त्यांना कळत नाहीये गं."

"तुझ्या बापाला सगळं कळतं. तुला-मला बाजारात विकून घरी येतील, एवढं कळतं."

"मग कालचं वर्तमानपत्र पुढे केलं काय आणि आजचं केलं काय, दोन्हींना सारखंच 'हो' का म्हणतात?"

"कारण दोन्हींत सारखंच छापून येतं," मी म्हणाले आणि फोन आपटला. बापाला जिवंतपणी मोडीत काढायला निघालेली पोर मला नको होती.

आणि खरं सांगू का, आमचं बरं चाललं होतं. पूर्वी मी एक वाक्य सुरू केलं की हे मध्येच तोडायचे, त्यातली चूक काढायचे आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसायचे. आता रोज रात्री जेवणं झाली की मी यांच्यासमोर बसायची आणि बोलायची. माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा यांनी मला चारच दिवसांत परत बोलावून घेतलं होतं, ते मी बोलले. लेकीच्या आधीचं आमचं बाळ पोटातच गेलं. त्याबद्दल आम्ही दोघांनी कधी चकार शब्द काढला नव्हता, तेही मी बोलले. बोलताना रडले. यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हो." त्या रात्री मी इतकी गाढ झोपले! मला वाटलं, उशिरा का होईना, माणूस ऐकायला लागला.

व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "आवडीचं काहीतरी समोर ठेवा." यांची आवड म्हणजे विमानं. हातभर-दीड हात लांबीची, लाकडाची, पेट्रोलसारखं खरं इंधन पिणारी, हातातल्या रिमोटवर उडणारी विमानं. आमच्या जेवणाच्या टेबलावर कधी कुणी जेवलेलं नाही. त्याच्यावर कायम कुणाचा तरी पंख नाहीतर शेपटी वाळत पडलेली असायची. झटका आला तेव्हा एक विमान जवळजवळ पुरं झालं होतं. फक्त चाकाची तार आणि इंजिन बसवायचं राहिलं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी ते कपाटावरून खाली काढलं. "अहो, चला, आज हे संपवू. हात माझे, डोकं तुमचं," मी म्हणाले. यांचे डोळे लखलखले. तेवढ्यावरच माझा जीव भांड्यात पडला.

विमान मी फोमच्या खाचेत पाठीवर, उताणं ठेवलं, कारण आधी पोटाखालच्या चाकाची तार अडकवायची होती. ती बसली. मग तसंच उताणं ठेवून मी विमानाच्या नाकासमोर बसले. नाकात प्लायवूडची जाड पाटी असते, तिला चार भोकं. त्यांवर माउंट, म्हणजे इंजिन धरणारा दोन हातांचा कंस, बोल्टने आवळायचा आणि त्या दोन हातांमध्ये इंजिन बसवायचं. लग्न झाल्यापासून मी हे बघत आले होते. टेप धरायला, डिंक धरायला, पंखा धरायला मीच असायची. शिकवलं मला कुणी नाही, नुसत्या शिव्या खाऊन आलं.

त्यातली मेख अशी की इंजिन नाकात सरळ बसवायचं नसतं. पंखा जोरात फिरला की विमान आपलं डावीकडे ओढ खातं. म्हणून इंजिनाचं तोंड आधीच जरासं उजवीकडे वळवून ठेवायचं. त्यासाठी डाव्या अंगाच्या दोन बोल्टांवर, पाटी आणि माउंटच्या मध्ये एक-एक वॉशर घालायचा. जरासं वाकडं बसवलं तर सरळ उडतं. नवीन माणसाला हे पटत नाही. तो सरळ बसवतो आणि विमान गवतात जातं.

"तुझ्या उजव्या हाताकडचे बोल्ट, अगं, उजव्या!" हे ओरडायचे ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी उजव्या हाताकडच्या बोल्टांवर वॉशर चढवले, माउंट आवळला, इंजिन बसवलं, पंखा लावला. कपाळाला घाम आला होता. यांनी पुढे वाकून नाकावरून, माउंटवरून, वॉशरवरून बोट फिरवलं. मी परीक्षेला बसल्यासारखी त्या बोटाकडे बघत होते.

"छान," हे हसून म्हणाले.

चौथा शब्द! झटक्यानंतरचा पहिला नवा शब्द. आणि तोही हा. या माणसाने माझ्या हातच्या कुठल्याही गोष्टीला छान म्हटलेलं मला आठवत नाही. लेकीच्या लग्नातला तिचा पोशाख मी स्वतः शिवला होता, तेव्हासुद्धा म्हणाले होते, "बाही जरा चढलीय." मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत एक फेरी मारली. लेकीला फोन लावायचाही विचार आला, पण म्हटलं, पूर्ण करून मगच मिरवू.

विमान सुलटं केलं. पंखा आडवा धरला आणि शिवणाच्या टेपने त्याच्या दोन्ही टोकांपासून शेपटीपर्यंत मोजलं. विमानाच्या डाव्या टोकाकडून अंतर किंचित जास्त यायला हवं. जास्त आलं उजव्या टोकाकडून. पुन्हा मोजलं. मग डोक्यात उजेड पडला. हे 'उजव्या' म्हणायचे ते सुलट्या विमानासमोर; उताण्या विमानासमोर बसून उजवा हात धरला, तर बाजू उलटी होणारच. इंजिन चक्क डावीकडे बघत होतं. उडवलं असतं तर जमीन सुटताच पलटी खाल्ली असती.

मला हसूच आलं. "अहो, बघा काय करून ठेवलंय मी! उलटं बसवलंय!"

मी वाट बघत होते. आता भुवया चढतील, डावा हात टेबलावर आपटेल. एका पातळ वॉशरवरून हे सायकलच्या दुकानवाल्या मित्राशी वर्षभर बोलले नव्हते. यांनी नाकाकडे बघितलं.

"छान."

म्हटलं, माझं मन राखतायत. आजाराने माणूस मऊ झालाय. पण तसं मनात म्हणतानाच मला कळत होतं की हे खरं नाही. हा माणूस माझ्याशी मऊ होईल, देवाशी होईल, पण इंजिनाशी कधी मऊ होणार नाही.

"तोंड उजवीकडे हवं ना?" मी विचारलं.

"हो."

"का डावीकडे?"

"हो."

माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. मी पाना घेतला. इंजिन सोडवलं, माउंट सोडवला, वॉशर काढले, सगळं बाजूला ठेवलं. विमानाच्या नाकात आता नुसती पाटी आणि चार भोकं. ते मी यांच्या अगदी डोळ्यांसमोर धरलं.

"आणि आता? आता कसं दिसतंय?"

यांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघून हसले. मघाशी हसले होते तसंच, तितक्याच मायेने.

"छान."

मी विमान खाली ठेवलं. मग डाव्या अंगाला वॉशर घातले, माउंट आवळला, इंजिन बसवलं, मोजलं. बरोबर आलं. ते बरोबर आलंय हे या घरात आता मला एकटीला कळत होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिने काही विचारायच्या आत मीच म्हणाले, "उद्यापासून दुकान बंद ठेवतेय. यांना एकटं नाही ठेवणार. तू म्हणत होतीस ते खरं आहे."

जिंकल्याचा आनंद तिला काही झाला नाही. "काय झालं गं आई?" तिने विचारलं. तिला वॉशरचं काय सांगणार? म्हटलं, "तू ये." ती रडायला लागली, मग मीच तिची समजूत घातली.

रात्री जेवणं झाली. यांना खुर्चीत बसवलं. आमची बोलायची वेळ झाली होती. आईचं, बाळाचं, माझ्या मनातलं सगळं मी आयुष्यात एकदाच कुणाला तरी सांगितलं होतं, आणि ते कुणीच ऐकलं नव्हतं. त्या रात्रीची ती गाढ झोप माझी मीच मला दिली होती. मला यांचा राग आला, आणि राग घ्यायलाही समोर कोणी नव्हतं.

हे रोजच्यासारखे माझ्याकडे बघत होते, मी बोलायची वाट बघत असल्यासारखे. मी उठून टीव्ही लावला.