कडेला करपलेली भाकर

काळं तोंड पाहून नाक मुरडू नका. मी तानुबाईचा तवा बोलतोय, ताडकळसचा. मानवतच्या बाजारात एका घिसाड्यानं मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हापासून कुणी आपटलं तरी मला फारसं वाटत नाही.

मी घरात आलो तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि या घराला येशूचं नाव नुकतंच लागलं होतं. नवरा आश्रुबा बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. तानुबाईचा मात्र राहिला. आमच्या सभेची रीत अशी, की प्रभूनं शिकवलेली प्रार्थना पाळकांसमोर, म्हणजे धर्मगुरूंसमोर, तोंडपाठ म्हणायची. मग बाप्तिस्मा, आणि मगच प्रभुभोजनाच्या मेजाशी जागा, जिथं येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटतात.

पाळक माणिकराव तीन महिन्यांतून एकदा परभणीहून बैलांच्या दमणीत बसून यायचे. दोनदा त्यांनी तिला विचारलं, दोनदा ती अडकली. तेही कुठं, तर भाकर मागायच्या ओळीवर. आता काय म्हणावं! सगळे मेजाशी जायचे आणि ती दारात, चपलांपाशी बसून राहायची.

दुसऱ्या खेपेला माणिकराव म्हणाले, "तानुबाई, चुलीतून जरा मन काढा. देवाकडं लावा."

घरी येऊन ती चुलीपुढं लय रडली. टिपं माझ्यावर पडून चर्र वाजत होती. "मला कामातून उसंत न्हाई," म्हणाली, "मी देवाला कशी पुरंल?"

मला त्या भल्या माणसाचा रागच आला. त्यांना काय ठाऊक, ही रोज सकाळी ती सगळी प्रार्थना म्हणते ते! अक्षराची ओळख नव्हती, म्हणून तिनं ती हातांनी पाठ केली होती. एक भाकर, एक ओळ. काटवटीत, त्या लाकडी परातीत, थापा पडू लागल्या की शब्द आपसूक यायचे. पाळकांपुढं रिकामे हात जोडून उभी राहिली, की शब्दही जायचे.

तिसऱ्या खेपेला तिनं आश्रुबाला सांगून टाकलं, "मी न्हाई येत. तिसऱ्यांदा मान खाली घालणं माझ्यानं हुणार न्हाई." आणि पीठ मळायला बसली.

त्या दिवशी माणिकराव लवकर आले, तेही उपाशी. आश्रुबानं त्यांना जेवायला घरी आणलं. ते दारात उभे, हिची पाठ दाराकडं. हात चालू लागले, ओठ चालू लागले. भाकर मागायची ओळ आली. माझा जीव खालीवर. ती ओळ भाकरीसंगं सरळ निघाली, आणि पुढच्याही, थेट आमेनपर्यंत.

"तानुबाई, हे कधी पाठ केलंत?" माणिकरावांनी विचारलं.

ती दचकली. पदर सावरून म्हणाली, "पाठ कुठलं जी, भाकरी करायलेय."

माणिकराव चुलीपाशीच खाली बसले. मग म्हणाले, "चुकलं माझं. चुलीतून मन काढा म्हणालो, आन देव इथंच बसून ऐकत होता. उठा, आज तुमचा बाप्तिस्मा."

"थांबा जी," तानुबाई म्हणाली, "तव्यावरली करपंल."

आणि पाळक थांबले. तीच भाकर त्यांनी फडक्यात बांधून नेली, बाप्तिस्मा झाल्यावर मेजावर मोडली आणि तिचा तुकडा तानुबाईच्या हातावर ठेवला. त्या हाताला अजून पीठ होतं म्हणे.

आता अठ्ठेचाळीस साल सरत आलंय, निजामाचं राज्यही गेलं. मला मधोमध चीर गेली. चुलीवर नवा तवा आहे आणि मी रांजणाचं झाकण झालोय. प्रार्थना शिकायच्या बाया तानुबाईकडं येतात, ती आधी त्यांच्यापुढं काटवट सरकवते. मी गारव्यात बसून ऐकतो.

एकच मागणं आहे. त्या दिवशी मेजावरची भाकर कडेला करपली होती, असं अजून कुणीकुणी सांगतं. त्याचा दोष तानुबाईला देऊ नका. तिचं लक्ष होतं. मीच ऐकत बसलो होतो.