शिंकऱ्या सशाच्या मिश्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा ससा आहे. खरंच जुना! पण आता ते कोणालाच पटत नाही, आणि पटवून पटवून मी पार थकलोय.

खेळण्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पाठीत चावी, गळ्यात ढोल. मिश्या रंगवायला एक डावखुरी मुलगी होती. तिची रेघ उलट्या बाजूने वर जायची, म्हणून तिच्या हातचे ससे आत्ता शिंकतील असे दिसायचे. मुकादम ओरडायचा, "अगं, याला सर्दी झालीय का?" त्याने मला नापास केलं, तेव्हा तिने मला घरी नेलं. तिच्या भाच्याने चावी पिळून पिळून मला जेरीस आणलं. पुढे कितीतरी वर्षं मी कपाटावर धूळ खात पडून राहिलो.

मुलगी म्हातारी झाली. एकदा तिला कळलं, की खेळण्यांच्या संग्रहालयातल्या एक बाई शिंकरे ससे रंगवणारीला शोधताहेत. तिने फोनच लावला. "अहो, ती मीच! एक ससा आहे माझ्याकडे." बाई म्हणाल्या, रेघ आमच्या सशांशी जुळली, की त्यांच्याखाली तुमचं नाव लावू. त्या दिवशी तिने तीनदा चष्मा पुसला.

भाचा आता गाड्यांना रंग मारतो. ओरखडा दिसला, की त्याचे हात शिवशिवतात. आत्या खूश होईल म्हणून त्याने गुपचूप मला घासलं, पांढराशुभ्र रंग फवारला आणि मिश्या सरळ ओढल्या. अगदी पट्टीने!

मग बाई घरी आल्या आणि त्यांनी मला उलटसुलट पाहिलं. "काम सफाईदार आहे," त्या हळूच म्हणाल्या, "पण यात यांचा हात उरला नाही हो. आता जुळवू तरी काय?"

भाच्याचा चेहरा खर्रकन उतरला. "आत्या, मी खरवडून काढतो गं!"

"गाढवा, खाली नुसता पत्रा निघेल. चहा टाक बाईंना."

बाई गेल्यावर आत्याने कुंचला डाव्या हातात धरला. हवेतच एक रेघ ओढून पाहिली, पण ती पूर्वीसारखी वर जाईना. तिने कुंचला खाली ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ खुशाल फुंकरीने उडवा. पण रंगाला हात लावण्याआधी एकदा विचारा, हे कोणाच्या हातचं? भाच्याने विचारायला हवं होतं. आत्या तर शेजारच्याच खोलीत बसली होती.