चिमणीचा डावा हात

मी कोळशावर तापणारी एक जुनी इस्त्री आहे, मित्रांनो, आणि मी एका मुलीचा हात भाजला आहे. हे आधीच सांगून टाकते. वस्तू आपलं आत्मवृत्त सांगायला बसल्या की आपण किती कामाला आलो तेवढंच सांगतात. मीही पुष्कळ कामाला आले. पण माझं नाव झालं ते त्या भाजलेल्या हातामुळे, आणि ज्यांनी ते नाव केलं त्यांनी तो हात समोर आल्यावर ओळख दाखवली नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, निवल्यावर माझं बूड घासून गुळगुळीत केलं, कडेने हवेला भोकं ठेवली, वर लाकडी मूठ बसवली. झाकणाच्या खिट्टीवर एक बोटभर पितळी कोंबडाही बसवला. का बसवला ते मला आजवर कळलेलं नाही. माझ्यासारख्या चोवीस जणी एकदमच एका मोठ्या लाँड्रीत गेल्या. तिथे हॉटेलांच्या चादरी यायच्या, दवाखान्यांचे डगले यायचे, बड्या लोकांचे शर्ट यायचे. लांबच लांब टेबलं, त्यावर जाड कांबळी, आणि प्रत्येक टेबलाशी दोघी बायका. माझं वजन पाच किलोच्या वर. मला उचलून उचलून त्यांचे खांदे भरून यायचे आणि कोळशाच्या धुराने डोकी ठणकायची. मला त्याचं काही वाटत नसे. कॉलर कडक उतरली की मालक “वा!” म्हणायचा आणि मी समजायचे, मलाच म्हणाला.

या खोलीवर एक मुकादमीण होती. सगळ्या जणी तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. कामात तरबेज. खोलीच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या चादरीवरची सुरकुती तिला दिसे. पण तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि कुणी चुकलं की तिचा चेहरा उजळायचा. जणू सकाळपासून ती त्याचीच वाट बघत असायची.

एक दिवस माझ्या टेबलावर बारा वर्षांची एक मुलगी कामाला लागली. अंगाने एवढीशी, आणि काम करताना स्वतःशीच काहीबाही बडबडायची, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. मला उचलायला तिला दोन्ही हात लागत. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या हातून निसटले आणि टोकावर फरशीवर आपटले. टोकाच्या जरा मागे, कडेचा कपचा उडाला. नखाएवढी खाच पडली. चिमणीने मला उचलून पुसलं आणि घाबरून कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या खाचेत एका भारी शर्टाचा धागा अडकला आणि शर्ट छातीपाशी टरकला.

“कुणी केलं?” बाईने विचारलं.

“मी,” चिमणी म्हणाली. खोटं बोलायला ती अजून शिकली नव्हती.

बाईने तिचा डावा हात मनगटाला धरून कांबळ्यावर दाबला, पालथा, आणि मला उचलून त्यावर टेकवलं. सावकाश पाच आकडे म्हणेपर्यंत. मी आयुष्यभर कापडावर टेकले होते. हे कापड नाही हे मला पहिल्या आकड्यालाच कळलं. पण इस्त्रीला मागे सरता येत नाही. माझ्या बुडाचा पुढचा भाग तिच्या हातावर जसाच्या तसा उमटला. खाचेखाली आली तेवढी चिमूटभर कातडी मात्र वाचली.

मालक दारात उभा होता. त्याने पाहिलं आणि तो हिशोबाच्या खोलीकडे निघून गेला. खोलीत तेवीस इस्त्र्या चालू होत्या. एकही थांबली नाही. चाळीस चादरी उरल्या होत्या. त्या चिमणीने संध्याकाळपर्यंत उजव्या हाताने केल्या.

पुढे विजेच्या इस्त्र्या आल्या. लाँड्री मोडीत निघाली. माझ्या सगळ्या बहिणी भंगारात गेल्या, मला तेवढं बाईने घरी नेलं, दाराला टेकण म्हणून. कितीतरी वर्षं मी एक दार वाऱ्याने आपटू नये म्हणून जमिनीवर बसून काढली. कोंबडा काळवंडला. येणारा-जाणारा पायाने सरकवायचा. मनातून फार वाईट वाटायचं. हात भाजल्याचं नव्हे बरं का, कौतुक बंद झाल्याचं. मी ही अशी आहे.

अशात एक नामवंत लेखक बाईकडे आले. ऐतिहासिक कादंबऱ्यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. राजे-सरदार लिहून झाले होते. आता त्यांना साध्या माणसांचा इतिहास लिहायचा होता, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की त्या जुन्या लाँड्रीतली एक बाई अजून हयात आहे. बाई तेव्हा नव्वदीला टेकली होती. तिने सगळं सांगितलं. कोळसा, धूर, कांबळी, मालक, टरकलेला शर्ट. सगळं बरोबर. फक्त दोन माणसांच्या जागा तिने बदलल्या.

“हात माझा भाजला,” ती म्हणाली. “मालकाची लाडकी होती ना एक, तिनं भाजला. नावाची चिमणी, पण मनानं ससाणा.”

“मावशी, हात बघू तुमचा?” लेखकाने विचारलं.

तिने पुढे केला. नितळ हात. एक ओरखडा नाही.

“भरून आली हो जखम,” बाई म्हणाली.

लेखकाने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग वहीत लिहून घेतलं आणि जाताना मला मागून नेलं. घरी त्यांच्या बायकोने माझ्यावरची धूळ झटकत विचारलं, “अहो, पण भाजल्याचा एवढा मोठा डाग असा साफ जातो का कधी?”

“कादंबरी लिहितोय मी,” ते म्हणाले, “पंचनामा नाही.”

पुस्तक यायच्या आधीच बाई वारली. पुस्तक आलं आणि डोक्यावर घेतलं गेलं. त्यात बाई सोशिक नायिका होती आणि चिमणी दुष्ट. नाव बदललं नव्हतं, कारण लेखकाच्या म्हणण्याप्रमाणे इतकं गोड नाव दुष्टाला दिलं की काटा येतो. हात भाजताच खोलीतल्या सगळ्या बायका इस्त्र्या खाली ठेवून बाहेर पडतात, असा प्रसंगही होता. तो वाचून लोक रडत. मुलांसाठी लहान आवृत्ती निघाली, ती शाळाशाळांत गेली.

आणि माझे दिवस पालटले. ‘ऐतिहासिक कादंबरीमागची प्रेरणा’ अशी चर्चा जिथे असेल तिथे लेखक मला घेऊन जाऊ लागले. मंचावर बहुधा तेच तिघे असत. एक राणीबाई, म्हणजे त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या राण्यांवर, म्हणून मी ठेवलेलं नाव. त्यांना म्हणे एका पडक्या भिंतीला कान लावल्यावर राणीचा उसासा ऐकू आला. दुसरे जहाजवाले. त्यांना बंदरावर उभं असताना पायाखालची जमीन हलली आणि कादंबरी सुचली. मला विचाराल तर त्या दिवशी ते जेवले नसावेत. आमचे लेखक शेवटी बोलत. हळूच मला मुठीला धरून वर उचलत आणि म्हणत, “ही बघा. हिच्यात एका मुलीचा आक्रोश कोंडलेला आहे.” सभागृह उसासे टाके आणि मी फुलून जाई. दर कार्यक्रमात गोष्टीला नवी पालवी फुटत होती. बाईचे अश्रू माझ्यावर पडून चरचरले, हे तर तिसऱ्या महिन्यात आलं. खोटं आहे हे मला ठाऊक होतं. तरी मला टाळ्या आवडत होत्या.

अशाच एका कार्यक्रमात प्रश्नांची वेळ आली तेव्हा चौथ्या रांगेतून एक म्हातारी उठली. शेजारी दहा-अकरा वर्षांची नात, नातीच्या मांडीवर ती लहान आवृत्ती. म्हातारीने माईक उजव्या हातात घेतला.

“मी चिमणी,” ती म्हणाली. “तुमच्या पुस्तकातली.”

लोक हसले. त्यांना गंमत वाटली.

“हात माझा भाजला होता, साहेब. बाईनं भाजला. तुम्ही उलटं लिहिलंय. आमच्या गल्लीत सगळे मला चिमणीच म्हणतात, लाँड्रीतली म्हणून. आता ही माझी नात माझ्याकडून वेणी घालून घेत नाही. तू दुष्ट होतीस म्हणते.” तिने डावा हात वर केला. “हिच्यासमोर एवढं सांगा, की तसं नव्हतं. दुसरं काही नको मला.”

मी तो हात ओळखला. लेखकांनीही ओळखला. इतकी वर्षं ते जाणून होते की असा एक हात कुठेतरी असणार. ते उठून उभे राहिले आणि अगदी मायेने हसले.

“आजी, बसा, दमला असाल,” ते म्हणाले आणि लोकांकडे वळले. “मंडळी, लेखकाला याहून मोठा पुरस्कार कोणता? मागच्या महिन्यातही एक बाई भेटल्या. म्हणाल्या, तो हात माझाच. वाचक पुस्तकात असा विरघळतो की दुसऱ्याचं दुःख त्याच्या अंगावर उमटतं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. राणीबाईंनी डोळे टिपले. चिमणी अजून बोलत होती, “आणि कुणीही इस्त्री खाली ठेवली नाही, चाळीस चादरी मी...” पण माईक तोवर काढून घेतला होता आणि सूत्रसंचालिका वेळेअभावी थांबावं लागत असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करत होती.

कार्यक्रमानंतर सह्यांसाठी रांग लागली. मी टेबलाच्या कडेला होते. ती नात रांगेत न लागता थेट माझ्यापाशी आली. दोन्ही हातांनी जोर लावून तिने मला उलटं केलं, माझं बूड निरखलं आणि हाक मारली, “आजी, हात दे.” चिमणीने हात माझ्याशेजारी ठेवला. साठ-बासष्ट वर्षांत हात मोठा झाला होता, डाग ताणून रुंदावला होता. पण टोकाच्या जरा मागे, कडेला, डागात एक चिमूट चांगली कातडी होती. नातीने माझ्या खाचेला बोट लावलं, मग तिथे बोट लावलं. मग तिने आजीचा तो हात धरला आणि दाराबाहेर जाईपर्यंत सोडला नाही.

सही करता करता लेखकांनी हे सगळं पाहिलं. गाडीत त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि माझ्या खाचेवरून कितीदा तरी अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवशी मी पॉलिशवाल्याच्या दुकानात होते.

“जुनी वस्तू आहे, निगा राखायला हवी,” लेखक म्हणाले. “बूड एकसारखं करून द्या.”

“साहेब, खाच राहू द्या की. जुनेपण दिसतं त्यात.”

“काढा ती.”

त्याने मला फिरत्या चाकाला लावलं. ठिणग्या उडाल्या. माझं टोक बारीक झालं, कड सरळ झाली. लोखंडाला दुखत नाही, मित्रांनो. पण चिमणीच्या बाजूने साक्ष द्यायला या जगात मी एकटी उरले होते आणि मलाही गप्प केलं होतं. त्या दिवशी मला माझ्या सगळ्या टाळ्यांची किळस आली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही तिथे होतात. लेखक तुमच्या शाळेत आले, तुम्ही सगळे सभागृहात मांडी घालून बसला होतात, आणि लेखकांनी मला उचलताच तुमच्या वर्गातली ती मुलगी, चिमणीची नात, उभी राहिली. आधी चार दिवस तिने तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुमच्यातल्या काहींनी तिच्यावर विश्वासही ठेवला होता.

“सर, इस्त्री उलटी करा,” ती म्हणाली. “तिला खाच आहे. माझ्या आजीच्या हातावर पण आहे.”

लेखकांनी मला लगेच उलटं केलं, आनंदाने, सगळ्यांना दिसेल असं उंच धरून. मी चकचकत होते. माझ्या बुडात छताचा पंखा दिसत होता. तुम्ही हसलात. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे.

“बाळा, कल्पनाशक्ती छान आहे तुझी,” लेखक म्हणाले. “मोठेपणी लिहायला लाग.”

“सरांची माफी माग,” तुमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या.

तिने मागितली. माईकमध्ये मागायला लावली, म्हणून सगळ्यांना ऐकू गेली. मग तुम्ही रांगेने सह्या घ्यायला गेलात. लेखकांनी मला शाळेला भेट देऊन टाकलं. त्यांना आता माझी गरज नव्हती. हल्ली ते सांगतात की एका म्हातारीने भर सभेत भाजलेला हात वर केला आणि त्या हातातून त्यांना कादंबरी सुचली. त्याला माझ्यापेक्षाही जास्त टाळ्या पडतात, असं ऐकते.

आता मी तुमच्या ढाली आणि करंडकांच्या कपाटात असते. शिपाईकाका आठवड्यातून एकदा मला फडक्याने पुसतात. माझ्यासारख्यांनी शेवटी जुन्या वस्तूंची काळजी घ्या असं सांगावं, अशी अपेक्षा असते. माझी काळजी घेऊ नका. मी लोखंडाची आहे, मला काही होत नाही. चिमणी पंचाहत्तर वर्षांची आहे. ती रोज शाळा सुटताना फाटकाशी उभी असते, डावा हात पिशवीआड धरून. नात हल्ली घंटा झाल्यावर पळत येत नाही. तुम्ही सगळे गेल्यावर येते, म्हणजे आजीला पाहून तुम्ही हसू नये.

तर आज घंटा झाल्यावर थांबा. त्या म्हातारीपाशी जा आणि म्हणा, “आजी, हात बघू.” ती दाखवेल. इतक्या वर्षांत नातीखेरीज तिला हे कुणी विचारलेलंच नाही. आणि पाहून झाल्यावर तिच्या नातीची माफी मागा. तिने मागितली होती तशी, मोठ्याने, सगळ्यांसमोर.