शांताआत्या गावाला जात नाही

भांडण सुरू झालं ते फोटोतल्या डोंगरावरून. नुसती हॉस्पिटलची इमारत असती तर शांताबाईंनी चष्मा लावून पाहिली असती, "रंग बरा दिलाय" म्हणाल्या असत्या आणि मोबाईल परत दिला असता. पण रचनाने बोटाने फोटो सरकवला आणि इमारतीमागचा डोंगर आला. हिरवागार. माथ्यावर ढग, ढगातून खाली उतरणारी पाण्याची पांढरी रेघ, पायथ्याला भाताची खाचरं.

"बघ ना आत्या, काय भारी आहे. मैत्रीला खेळायला किती मोकळं मिळेल."

शांताबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. डबी टकन मिटली.

"हा डोंगर तू मला दाखवतेस?"

रचनाने मोबाईल पालथा ठेवला. खिडकीत तिचा नवरा राकेश लेकीला, मैत्रीला, कडेवर घेऊन खालच्या रिक्षा दाखवत होता, तो एकेका रिक्षाचा रंग सांगू लागला. सगळ्या रिक्षा एकाच रंगाच्या होत्या, पण सासरच्या भांडणात पडायचं नाही हे त्या माणसाला लग्नाआधीपासून कळत होतं.

शांताबाई त्याच डोंगराच्या पायथ्याशी, तळेकोंडला जन्मल्या. परकर नेसायच्या वयात बापाने त्यांना ठाण्याला आणलं, तेव्हापासून कोपरी. मग मोठेपणी महापालिकेच्या रुग्णालयात आयाची नोकरी, पेन्शन आणि चाळ पाडून बांधलेल्या बिल्डिंगमधली ही खोली. मे महिन्यात अर्धी बिल्डिंग गावाला जायची. शांताबाई मागे राहून सगळ्यांच्या कुंड्यांना पाणी घालायच्या. गावाचा विषय निघाला की म्हणायच्या, मला गाडी लागते. नाशिकला, नागपूरला, दीक्षाभूमीला जाताना त्यांना कधी गाडी लागली नव्हती. ती फक्त त्या एका रस्त्यावर लागायची.

रचना त्यांच्या भावाची मुलगी. आई गेली, बापाने दुसरं घर मांडलं, आणि ही पोर शांताबाईंकडे राहिली. हिला डॉक्टर करायचं हे शांताबाईंनी ठरवलं तेव्हा हिला स्वतःच्या चपलांतली डावी-उजवी कळत नव्हती.

"सर्जरी आहे आत्या," रचना म्हणाली. "माझ्या रँकला सर्जरीची ही एकच सीट होती. इथं जवळपास मिळत होतं ते मला नको होतं. तीन वर्षांचं ट्रेनिंग आहे. तिथं माणसं कमी, कामं जास्त, पहिल्या वर्षापासून हातात चाकू देतात."

"मग जा."

"एकटी कशी जाऊ? ड्यूटी छत्तीस-छत्तीस तास असते. राकेशची कंपनी मानपाड्याला, शिफ्ट सोडून तो येऊ शकत नाही. त्याच्या आईला स्वतःची उठबस होत नाही. तू चल. क्वार्टर देतात दोन खोल्यांचं."

"मी नाही येणार. पोरीला इथं ठेव माझ्यापाशी. तुला सांभाळलं तशी हिला सांभाळीन."

"मैत्रीला सोडून मी जाणार नाही."

"मग नको जाऊस."

"सीट सोडली तर पुढची परीक्षाच देऊ देत नाहीत, वर्ष वाया जातं. तुला माहितीये मी किती..." तिने वाक्य सोडून दिलं. "अजून दोन आठवड्यांनी, सोमवारी रुजू व्हायचंय. तू आलीस तर जाते. नाहीतर राहते मी मानपाड्याला, सर्दी-खोकल्याची औषधं लिहीत."

"धमकी देतेस?"

"नाही. सांगते."

"गावाचा फोटो दाखवते मला," शांताबाई मैत्रीकडे बघून म्हणाल्या, जणू ती तीन वर्षांची पोर न्यायाधीश होती. "बस म्हणावं तुझ्या आईला ढगाखाली, भजी खात. पर्यटक."

रचनाने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि चहा न घेता उठली. राकेश जाताना दारात म्हणाला, "आत्या, येतो." शांताबाई म्हणाल्या, "तू ये. तुझ्यावर राग नाही." मग दार लावलं ते जरा जोरातच.

दोन दिवस रचनाचा फोन त्यांनी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना एक युक्ती सुचली, आणि तिचंच सगळं वाटोळं झालं.

तळेकोंडच्या बौद्धवाडीचं एक मंडळ ठाण्यात आहे. गावात माणसं उरली नाहीत तेवढी मंडळात आहेत. महिन्याच्या एका रविवारी कोपरीतल्या शाळेत बैठक होते, वर्गणी जमते, गावच्या विहाराचे पत्रे, वाडीचा रस्ता, कुणाचं लग्न कुणाशी, सगळं इथं ठरतं आणि मग गावाला कळवलं जातं. अध्यक्ष कुंडलिक, टेलिफोन खात्यातून निवृत्त. बोलताना अजूनही समोरच्याला आवाज येत नसावा असं बोलतात. शांताबाईंनी त्यांना गाठलं. म्हटलं, पोरगी अविचार करतेय, चार मोठ्या माणसांनी सांगितलं तर ऐकेल.

"कुठं जातेय?" कुंडलिकांनी विचारलं.

शांताबाईंनी सांगितलं.

कुंडलिकांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे आपल्या नदीपलीकडे? तू रविवारी तिला घेऊनच ये."

रविवारी बुद्धवंदना झाली, मागच्या बैठकीचं वाचन झालं. रचना मैत्रीला घेऊन मागच्या बाकावर बसली होती, आत्या बोलावतेय म्हणजे नरमली असेल अशा आशेने. शांताबाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या, आता हिला चार शब्द ऐकवतील अशा आशेने. कुंडलिक उभे राहिले. टेबलावर शाल होती, गुलाबाचं फूल होतं.

"आपल्या वाडीची लेक," ते म्हणाले, "डॉक्टर रचनाताई, आपल्या मातीत सेवा करायला परत चालली आहे."

टाळ्या पडल्या. शांताबाईंनी मागे वळून पाहिलं. टाळ्या खऱ्याच पडत होत्या.

मग सगळे एकदम बोलू लागले. आवडाबाईंनी पर्समधून किल्ली काढली. "माझं घर घे बाय. बंदच आहे. जाऊन-येऊन राहा, जरा झाडलोट होईल. पावसाआधी फक्त कौलं बघून घे." कुणी म्हणालं आमच्या घराला स्लॅब आहे, मीटरचं बिल तेवढं भरत जा. एकाने वाळवीचं विचारलं. कुंडलिकांनी सर्वांना शांत करून सांगितलं की त्यांच्या घराला आत बाथरूम आहे, टाईल्स लावलेल्या आहेत, डॉक्टरबाईंनी तिथंच उतरावं आणि सुट्टीच्या दिवशी विहारात वाडीतल्या म्हाताऱ्यांना तपासावं.

पोरीला थांबवायला आणलेली माणसं तिला राखणदार नेमायला निघाली होती. शांताबाई उठल्या.

"कुंडलिक, तुझं घर एवढं छान आहे तर तू का नाही राहत तिथं?"

"माझी मुलं इथं आहेत, शांते."

"मुलं नोकरीला. तू रिटायर. दिवसभर स्टेशनबाहेर बाकावर पेपर वाचतोस. तिथं वाच की, टाईल्सवर बसून."

दोघंचौघं हसले. कुंडलिक नाही हसले.

"गाव आता तसं राहिलेलं नाही," ते म्हणाले. "तुझ्या डोक्यात जुनं बसलंय. आता सगळे एका पंगतीला बसतात."

"तू बसलास? शेवटचं कधी बसलास सांग."

"वाद नको. चांगला प्रसंग आहे."

"माझ्या आईच्या वेळचा डॉक्टर आठवतो ना तुला? तू होतास अंगणात."

म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, तरण्यांना नव्हतं, आणि मंडळाच्या बैठकीत हे कधी कुणी काढलं नव्हतं.

"बाळंतीण होती. अंग तापानं भाजत होतं," शांताबाई सांगू लागल्या, कुणाकडेही न बघता. "बाबानं पाय धरून बाजारातल्या डॉक्टरला आणलं. तो अंगणात उभा राहिला. म्हणाला, बाहेर आणा. आईला उठवत नव्हतं. मग त्यानं दारातून वाकून आत पाहिलं. झालं तपासून. गोळ्या कागदात बांधून अंगणाभोवतीच्या गडग्याच्या दगडावर ठेवल्या आणि गेला. हात लावला नाही. अंगणातनं नाडी बघितली माझ्या आईची. आणि माझी पोर त्यांच्या पोटात हात घालायला चाललीय, आणि तुम्ही तिला शाल देताय."

रचनाने हे आज पहिल्यांदा ऐकलं. आजी तापाने गेली, एवढंच तिला माहीत होतं. ती उभी राहिली, पण आत्याकडे गेली नाही.

"मी सेवा करायला चाललेली नाहीये," ती म्हणाली. आवाज जरा चढला होता. "मी आधीच सांगते, नंतर गैरसमज नको. मला सर्जरी शिकायचीय आणि सीट तिथं आहे. ती राजस्थानात असती तर राजस्थानात गेले असते. मी कुणाची कौलं बघणार नाही. सुट्टीच्या दिवशी झोपेन मी, सुट्टी मिळाली तर."

आवडाबाईंची किल्ली हातातच राहिली.

"शिकली की अशी बोलतात," मागून एक बाई म्हणाली. "आपल्या वर्गणीतून पुस्तकं घेतलेली ना हिला?"

"बारावीला घेतलेली," रचना म्हणाली. "परत केलीयेत मी. मंडळाच्या कपाटात आहेत. कुणी उघडलं असेल तर दिसतील."

"तोंड बघा तोंड. आत्याचंच."

कुंडलिकांनी शालीची घडी पुन्हा नीट केली. मग ती उचलून टेबलाच्या खणात ठेवली. गुलाब राहू दिला, तो तसाही कोमेजणार होता. "पुढचा विषय," ते म्हणाले, "विहाराचे पत्रे."

दोघी बाहेर पडल्या. मैत्री मधे, एक हात इकडे, एक तिकडे. शाळेच्या फाटकाबाहेर भाजीच्या गाड्या लागल्या होत्या.

"मला सांगितलं नाहीस कधी," रचना म्हणाली.

"काय सांगायचं त्यात. तुला डॉक्टर केलं. ते पुरे नाही झालं?"

"आणि तिथं बोलावलंस ते मला शिव्या घालायला?"

"हो." शांताबाईंनी लपवलं नाही. "पण ती माणसं अशी निघतील हे वाटलं नव्हतं. राखणदार हवाय मेल्यांना."

रचनाला हसू आलं, ते तिने गिळलं. मग म्हणाली, "राहू दे आत्या. मी कळवून टाकते नाही येत म्हणून. तुला ओढून नाही न्यायचं मला तिथं. तू का जात नाहीस ते आज कळलं."

शांताबाई थांबल्या. हवं होतं ते मिळालं होतं, भर रस्त्यात, फुकट. मग बरं का वाटत नव्हतं? आयुष्यभर त्यांनी ऑपरेशन थेटरच्या दाराबाहेर उभं राहून बादल्या धरल्या होत्या. आतलं कधी दिसलं नाही. हिरवा गाऊन घालून आत जाणाऱ्या पोरी दिसायच्या, हात वर धरून, कुणाला शिवायचं नाही अशा. दार त्यांच्या पाठीमागे बंद व्हायचं. त्यातलीच एक आपली असेल, एवढंच त्यांनी मागितलं होतं, आणि आता त्यांच्याच हाताने ते दार लागत होतं. कुंडलिकाला मात्र आनंद होईल. म्हणेल, बघा, जमलं नाही तिला.

"एक विचारते," त्या म्हणाल्या. "खरं सांग. तो डोंगर बघून भुललीस का तू?"

"नाही."

"मग मला का दाखवलास?"

"तुला बरं वाटेल म्हणून. दुसरं काय दाखवणार होते? ड्यूटीचं टाईमटेबल?"

"तिथं तुला आडनाव विचारतील."

कुंडलिक असते तर म्हणाले असते, आता तसं राहिलेलं नाही. राकेश म्हणाला असता, आत्या, तुम्ही टेन्शन घेऊ नका. रचनाने मैत्रीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"विचारतील," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी विचारतील. काही जण सांगतील, दुसरे डॉक्टर आहेत का बघा. इथं ठाण्यात इंटर्नशिपला पण विचारलेलं, तुला नाही सांगितलं मी. पण अपेंडिक्स फुटलेला माणूस फार वेळ आडनाव विचारत नाही आत्या. आणि विचारत राहिला तरी मी हात लावणारच. मला शिकायचंय ना. मला तो हवाय टेबलावर."

शांताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पोरगी मवाळ नव्हती. कुणाचं भलं करायला चालली नव्हती. तिला तिथून काहीतरी काढून घ्यायचं होतं आणि घेऊन परत यायचं होतं. त्या गावातून आजवर कुणी काही काढून आणलं नव्हतं, सगळे रिकाम्या हातानेच आले होते.

"तळेकोंडला मी पाय ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "नदी ओलांडणार नाही, हॉस्पिटलपाशीच राहीन. कुणी नातेवाईक भेटायला आला तर मी घरात नाही."

रचनाने नुसती मान हलवली. बोललं तर बिघडेल हे तिला ठाऊक होतं.

"आणि मी येते म्हणजे तुझं पटलं असं समजू नकोस. मला तुझं पटलेलं नाही. पोरीसाठी येते."

"बरं."

"क्वार्टरला नळ कुठंय? आत की बाहेर?"

"आत. किचनमध्ये एक, बाथरूममध्ये एक."

"पाणी कुठून येतं? कुणाच्या विहिरीवरनं?"

"हॉस्पिटलची बोअर आहे. टाकी आपल्याच बिल्डिंगवर."

"चावी कुणाकडे असते टाकीची?"

"ते मला माहीत नाही आत्या."

"विचार," शांताबाई म्हणाल्या. "रुजू व्हायच्या आधी फोन करून विचार."