सोवळ्यातला कागद

शेखर दहाला येतो म्हणाला होता. तो दारात उभा राहिला तेव्हा आमच्या भिंतीवरच्या घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

"काहून रे, सिलतऱ्याहून गुढियारीपर्यंत पायी आला का?" मी विचारलं.

"सॉरी काकूजी, ट्रैफिक था."

आडनाव मराठी, घरात मराठी, चाळिशीचं पोट पुढे आलेलं, पण उत्तर हिंदीत. कारखान्याने त्याला आमचा कॉम्प्युटर तयार करायला पाठवलं होतं. उशिरा येणाऱ्याला माझ्याकडे चहा मिळत नाही. डब्यांची गाडी चालवणाऱ्या भैय्यालालला हे पाठ आहे. शेखरला आज कळलं.

अठरा वर्षांपासून आम्ही गुढियारीतल्या घरून सिलतऱ्याच्या त्या कारखान्यात दुपारचं जेवण पोचवतो. तीनशे डबे, अकरा बाया. भोंगा आधी वाजला आणि डबा मागून आला, असं एकदाही झालं नाही. त्याचं कारण माझं डोकं. घरातलं प्रत्येक घड्याळ मी पंचवीस मिनिटं पुढे ठेवते. भिंतीवरचं, देवघरातलं, स्वयंपाकघरातलं. माझ्या सुनेने, यामिनीने, कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्या कोपऱ्यातही एक घड्याळ निघालं. तेही पुढे करायला लावलं. मग तिचा लॅपटॉप. माझ्या घरात वेळ एकच.

आता कागदाचं ऐका. दरवर्षी ठेक्याचा कागद घरी यायचा. यामिनी भरायची, मी सही करायची. तिसरीपर्यंतच शिकले, पण सही वळणदार आहे. यंदा साहेब लोकांना सुधारणा सुचली. कागद त्यांच्याच साइटवर राहणार. घरी आणायचा नाही, छापायचा नाही. आपण इकडून ब्राउझरमध्ये उघडायचा, तिथल्या तिथे लिहायचं आणि तिथेच ठेवून यायचं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये प्लग-इन म्हणून काहीतरी बसवावं लागतं. म्हणजे कागद सोवळ्यात, आणि प्लग-इन नेसल्याशिवाय त्याला शिवायचं नाही. माझ्या सासूबाईंचं सोवळं परवडलं, निदान दांडीवर वाळताना दिसायचं.

आज पाचच्या आत कागद भरला नाही तर ठेका दुसऱ्याकडे जाणार होता.

शेखरने प्लग-इन बसवलं. कागद उघडला. यामिनीने पहिली ओळ लिहिली, सेव्ह करायला गेली आणि वर लाल पट्टी आली.

"काय म्हणते?"

"सेशन संपलं म्हणते आई. पुन्हा लॉगिन करा."

"आत्ता तर उंबरा ओलांडला! पाणी विचारायच्या आधीच निरोप?"

शेखरने प्लग-इन काढलं, पुन्हा बसवलं. ब्राउझर बदलला. पॉप-अप नावाच्या खिडक्या उघड्या ठेवल्या. मग म्हणाला, "काकूजी, इस साइट को भरोसे वाली लिस्ट में डालना पड़ेगा."

"अठरा वर्षं त्यांना जेवू घालून राहिले मी, अन् भरोसा मीच लिहून द्यायचा? टाक."

टाकला. लाल पट्टी.

"सिस्टम में किसी ने कुछ बदला तो नहीं?"

"माझ्या घरात मले विचारल्याशिवाय पंखाबी फिरत नाही."

मग लॅपटॉप घेतला. तिथेही तेच. दुपार झाली. डबे गेले, रिकामे परत आले. शेखर तेच बटण अशा तऱ्हेने दाबत होता की जणू अकराव्यांदा त्याला दया येईल. मी त्याला त्याच्या डिग्रीबद्दल विचारलं, पगाराबद्दल विचारलं, आणि कारखान्यातली भट्टीही तोच पेटवतो का, हेही विचारलं. तो बिचारा "हव काकूजी" म्हणत राहिला.

शेवटी त्याने हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून एक पोट्टी म्हणाली, "सर, कंप्यूटर का टाइम चेक कीजिए. पाँच मिनट भी आगे-पीछे हुआ तो सर्वर सेव नहीं करने देता."

शेखरने कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पाहिलं. मग मान वर करून आमच्या भिंतीवर पाहिलं.

"टाइम तो एकदम बराबर है मैडम. दीवार घड़ी से मिला लिया."

आणि फोन ठेवला.

माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली. मी यामिनीकडे पाहिलं. तिला उमगलं होतं. एकवीस वर्षं जुनी सून आहे, तिला तोंड नाही असं नाही. पण ती नुसती माझ्याकडेच पाहत होती. सकाळपासून मी त्या माणसाला जे जे बोलले ते सगळं माझ्या कानात परत वाजायला लागलं. वाटलं, सगळा दोष इंटरनेटवर ढकलून मोकळं व्हावं. ते काही उठून भांडायला येणार नाही.

शेखर वायर गुंडाळायला लागला. "पाँच में दस कम हैं काकूजी. अब नहीं होगा."

तेवढ्यात लता मागच्या दारातून डोकावली. अकरा बायांमधली सगळ्यात जुनी. "माई, उद्याचे चणे भिजवू का नको?"

तिच्या हातात तपेलं होतं. ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

"भिजव," मी म्हटलं. मग शेखरकडे वळले. "वायर खाली ठेव. पाचाले अजून पस्तीस मिनिटं आहेत."

"पर काकूजी, घड़ी…"

"ते घड्याळ या घरचं आहे. तुझ्या मोबाइलात पाह्य."

त्याने पाहिलं. चार पंचवीस. मग भिंतीकडे, मग कॉम्प्युटरकडे, मग माझ्याकडे. असं तोंड मी फक्त बोहल्यावरच्या नवरदेवाचं पाहिलं आहे.

त्याने दोन्ही कॉम्प्युटरांची घड्याळं मागे आणली. यामिनीने लॉगिन केलं, ओळ लिहिली, सेव्ह दाबलं. लाल पट्टी आली नाही. चार चाळीसला अख्खा कागद भरून तिकडे पोचला.

"सुबह पूछा था न काकूजी, कि कुछ बदला तो नहीं," शेखर हळूच म्हणाला.

"मंग? बदललं कुठं? पहिल्या दिवसापासून तसंच आहे."

यामिनी पदरात तोंड घालून आत पळाली. जाता जाता म्हणाली, "आई, भिंतीवरचंही बरोबर करू?"

"हात तर लावून पाह्य!"

डबे काही सर्व्हरच्या वेळेवर पोचत नाहीत.

शेखर निघाला तेव्हा मी त्याला बसवलं आणि चहा दिला. कप रिकामा झाल्यावर पुन्हा भरला.

"बस काकूजी, एक हो गया."

"तो आत्ताचा होता. हा सकाळी दहाचा."